रात्रभर लावायचा स्तनवर्धक पंप आणि झोप : दोन उपकरणांचा अनुभव

माझा डावा स्तन उजव्यापेक्षा लहान आहे आणि वयात आल्यापासून तसाच आहे. हा काही आजार नव्हे. दोन्ही बाजूंत थोडाफार फरक असलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात. माझ्या बाबतीत तो फरक ब्लाउज शिवताना शिंप्याच्या लक्षात येईल इतका आहे, एवढेच. शस्त्रक्रिया करून आत सिलिकॉन बसवून घेण्याची माझी तयारी कधीच नव्हती. म्हणून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, घरातल्यांना अर्धवट सांगून आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पूर्ण सांगून, मी स्तनावर घुमट बसवून आतली हवा ओढून घेणारा, म्हणजे बाहेरून खेच देणारा पंप वापरून पाहिला. मे महिन्यात एक आणि दिवाळीनंतर दुसरा, अशी दोन उपकरणे माझ्या वापरात आली. हे परीक्षण त्या दोन्हींचे आहे, पण त्याहून अधिक ते त्यांच्यासह झोपता येते की नाही याचे आहे, कारण विक्रेत्यांच्या पानांवर ही एकच गोष्ट सांगितलेली नसते आणि सगळा व्यवहार तिच्यावरच अडतो.

झोपेचा प्रश्न इतका मोठा का होतो, हे समजण्यासाठी या उपकरणाची रीत ठाऊक असावी लागते. शरीरातील ऊतींवर सौम्य ताण दीर्घकाळ ठेवला तर त्या वाढतात, हे तत्त्व रशियन शल्यविशारद इलिझारोव्ह यांनी हाडे लांबवण्यासाठी वापरले. तोच विचार स्तनाला लावून मायामीचे प्लास्टिक सर्जन रॉजर खौरी यांनी ‘ब्राव्हा’ नावाचे उपकरण तयार केले आणि त्याची चाचणी 2000 साली प्रसिद्ध झाली. तीत 17 स्त्रियांनी भाग घेतला, 12 जणी शेवटपर्यंत टिकल्या, आणि त्यांनी दिवसाला 10 ते 12 तास असे 10 आठवडे दोन घुमट छातीवर लावून ठेवले. आतील खेच होती पाऱ्याच्या सुमारे 20 मिलिमीटरची, म्हणजे रक्तदाब ज्या एककात मोजतात त्यातल्या विसाची. तीस आठवड्यांनंतर मोजले तेव्हा सरासरी वाढ 55 टक्के भरली, मात्र कोणाला 15 टक्के तर कोणाला शंभराहून अधिक असा तिचा पसारा होता. चाचणी लहान होती आणि उपकरणाचा जनक स्वतःच चाचणी करणाऱ्यांत होता, ही गोष्ट मी त्या आकड्यांबरोबर कायम लक्षात ठेवली. तरी माझे लक्ष वेधले ते तासांच्या आकड्याने. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला दिवसातून सलग दहा तास मिळायचे ते रात्रीच, आणि तेही झोपेत. म्हणजे झोप मोडली की तास मोडले, आणि तास मोडले की उरते ती केवळ छातीवरची सूज.

आधी डॉक्टरांविषयी सांगते. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतल्याखेरीज पुढे बोलायलाच नकार दिला, आणि ते योग्यच होते. स्तनात गाठ असेल, घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे चालू असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा त्वचेचा विकार असेल, तर या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. माझे अहवाल स्वच्छ आले. ‘फायदा होईलच असे मी सांगत नाही, पण निळे डाग किंवा फोड दिसले की त्या दिवशी बंद,’ एवढ्या अटीवर त्यांनी होकार दिला.

पहिले उपकरण मी इंटरनेटवरून मागवले. त्याची किंमत अकरा हजारांच्या वर होती. पारदर्शक कठीण प्लास्टिकचा घुमट, आतून 15 सेंटिमीटर रुंद, त्याच्या भोवती जेमतेम सव्वा सेंटिमीटरची सिलिकॉनची कड, एक आखूड नळी, आणि साबणाच्या वडीएवढी मोटर. खेच कमी झाली की मोटर आपोआप सुरू होते आणि पुरेशी झाली की थांबते. खेच तीन पायऱ्यांची होती. यंत्रावर दाबाचा आकडा कोठेही नव्हता. एक, दोन, तीन असे फक्त दिवे होते.

पहिल्या रात्री सासूबाईंनी खोलीत डोकावून पाहिले आणि विचारले, ‘तुंबडी लावून घेतलीस की काय गं?’ मला हसू आले, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. जुन्या काळी पाठ धरली की तुंबडी लावत. सुश्रुतसंहितेतही रक्त काढण्यासाठी दुध्या भोपळ्याची अलाबू आणि शिंग सांगितलेले आहे. फरक असा की तुंबडी काही मिनिटांची असते, हे रात्रभराचे.

मे महिन्यातले ते अकरा दिवस मी विसरणे शक्य नाही. पुण्यात त्या दिवसांत दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात भिंती मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकत असतात. घामाने कड सुटायची, हवा आत शिरायची, आणि मोटर घरघरायला लागायची. मी कूस बदलली की घरघर, खोकला आला की घरघर. शेजारी झोपलेल्या यजमानांनी तिसऱ्या रात्री उशी उचलली आणि ‘अगं, माशांच्या टाकीशेजारी झोपल्यासारखं वाटतंय’ असे म्हणत ते दिवाणखान्यात निघून गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी घुमट काढला तेव्हा कडेखाली तांबडा गोल उमटलेला होता, जो दुपारपर्यंत गेला नाही. अकराव्या दिवशी त्याच गोलावर दोन बारीक फोड आले. डॉक्टरांच्या अटीप्रमाणे मी तिथेच थांबले.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर मिळाले की तीन नंबरवर ठेवा, लवकर रिझल्ट येतो. कड बदलून मागितली तर वापरलेली वस्तू परत घेत नाही, असे सांगण्यात आले. ज्यांची तुंबडी भरायची होती त्यांची भरली. इथे एक कायद्याची गोष्ट नोंदवून ठेवते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत ज्या रोगांच्या आणि अवस्थांच्या उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्त्रीच्या स्तनांचा आकार आणि घडण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘पंधरा दिवसांत दोन साइज’ असे छापणारी जाहिरात दिसली की मला आता ती यादी आठवते.

फोड बरे होईपर्यंत बसून राहण्याऐवजी मी यंत्राची खेच मोजायचे ठरवले. बोहरी आळीतून दोन मीटर पारदर्शक नळी आणली, कपाटाच्या दारावर ती इंग्रजी यू अक्षरासारखी चिकटपट्टीने लावली, मुलीची फूटपट्टी मध्ये ठेवली आणि नळीत जिलबीच्या रंगाचे पाणी भरले. पाऱ्याचे 20 मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सुमारे 27 सेंटिमीटर, कारण पारा पाण्याच्या 13.6 पट जड असतो. नळीचे एक टोक यंत्राला जोडून मी पहिली, म्हणजे सर्वांत सौम्य पायरी सुरू केली. दोन्ही बाजूंच्या पाण्यातले अंतर 58 सेंटिमीटरवर जाऊन थांबले. दुसरी पायरी लावली तेव्हा केशरी पाणी सरळ यंत्राच्या दिशेने उसळले, आणि मी नळी ओढून काढली म्हणून मोटर वाचली. तिसरी पायरी मोजायचे धाडस झाले नाही. कपाटाच्या दारावर तो केशरी ओघळ अजून आहे.

या मोजणीने माझ्या छातीवरच्या तांबड्या गोलाचे कोडे सुटले. घुमटाचे तोंड 15 सेंटिमीटरचे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 177 चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या 27 सेंटिमीटर खेचीला घुमट छातीवर पावणेपाच किलोच्या जोराने दाबला जातो, आणि 58 सेंटिमीटरला सव्वादहा किलोच्या. हा सगळा जोर पेलते ती फक्त कड. सव्वा सेंटिमीटरच्या अरुंद कडेला एवढे वजन वाटून घ्यायला साठ-पासष्ट चौरस सेंटिमीटरच जागा मिळते. तिच्याखालच्या त्वचेवर पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरहून अधिक दाब पडतो. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला दाब साधारण तिसाच्या आसपास असतो. रात्रभर त्या वाहिन्या चेपलेल्या राहिल्या, तर फोड येणार नाहीत तर काय. तीच कड तीन सेंटिमीटर रुंद असेल आणि खेच 27 सेंटिमीटरवर ठेवली असेल, तर कडेखालचा दाब जवळपास खेचीएवढाच, म्हणजे विशीच्या आसपास उतरतो. मूळ चाचणीतले 20 मिलिमीटर हे भित्रेपणाने निवडलेले नव्हते, हे मला त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब करताना कळले.

म्हणून दुसरे उपकरण निवडताना मी मोटर आणि दिवे पाहिलेच नाहीत; विक्रेत्याकडे कडेची रुंदी विचारली. तीन सेंटिमीटरची मऊ, आतून पोकळ कड असलेला एक घुमट सुटा मिळाला, साडेचार हजारांना. त्याला मी मोटरऐवजी हाताने दाबायचा रबरी फुगा जोडला, मध्ये एक चिमटा लावला, आणि पाण्याच्या नळीशी ताडून किती वेळा फुगा दाबला की 27 सेंटिमीटर होतात ते पाहून ठेवले. माझ्या बाबतीत ते पाच वेळा भरले. दाबा, चिमटा लावा, फुगा काढून बाजूला ठेवा. मग छातीवर ना मोटर, ना तार, ना आवाज. नळीचा वीतभर तुकडा तेवढा लोंबतो. याची उणीव अशी की हवा हळूहळू शिरत राहते आणि पहाटेपर्यंत खेच निम्म्यावर येते. मी रात्री एकदा पाणी प्यायला उठतेच, तेव्हा पुन्हा दोनदा फुगा दाबून घेत असे. ज्यांना अखंड खेच हवी आहे त्यांना मोटर लागेल. पण मोटर घेणाऱ्यांनी ती गादीवर ठेवू नये. लाकडी पलंगावर तिची थरथर दुप्पट ऐकू येते. लांब नळी घेऊन ती शेजारच्या स्टुलावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावी, आणि तिच्यात लिथियमची बॅटरी असेल तर उशीखाली किंवा पांघरुणात मुळीच ठेवू नये.

आता झोपण्याच्या मांडणीकडे येते. कार्तिकातली थंडी पडायला लागल्यावर मी दुसऱ्यांदा सुरुवात केली आणि पहिल्या चार रात्री फक्त कसे पडायचे हे शिकण्यात घालवल्या. पालथे झोपणे अर्थातच बाद. दोन्ही बाजूंना घुमट असणाऱ्या स्त्रीला उताणे पडण्यावाचून गत्यंतर नसते. एका बाजूचाच घुमट असल्यामुळे मला थोडी सवलत होती, तिच्याविषयी पुढे लिहिते. पण उताणे पडणे म्हणजे सपाट पडणे नव्हे. अगदी सपाट पडले की स्तनाचा भार काखेच्या बाजूला ओघळतो, घुमटाची बाहेरची कड बरगडीवर रुतते आणि आतली कड, छातीच्या मधल्या हाडापाशी, उचलली जाते. हवा शिरते ती बहुतेक वेळा तिथूनच. पाठ आणि डोके मिळून तीस अंशांच्या आसपास उंच केले की कड चारही बाजूंनी सारखी बसते. आम्ही पलंगाच्या डोक्याकडच्या गादीखाली जुनी घडीची गादी दुमडून घातली. उशांचा ढीग करून पाहिला होता, पण मध्यरात्रीपर्यंत उशा सरकतात आणि मान वाकते. उंच झोपले की माणूस हळूहळू पायाकडे घसरतो आणि घसरताना गाऊन घुमटाला वर ओढतो. गुडघ्यांखाली एक जाड उशी ठेवली की घसरणे थांबते आणि कंबरही दुखत नाही.

खरी करामत केली ती लोडांनी. आमच्या भागातल्या गादीवाल्याकडून मी दोन लोड कापसाचे, घट्ट भरून, हात लांब केला तर कोपरापासून बोटांपर्यंत पोचतील एवढ्या लांबीचे बनवून घेतले. फोमचे लोड हलके असतात आणि झोपेत ढकलले जातात; कापसाचा लोड जागचा हलत नाही. दोन्ही बाजूंना एकेक लोड चादरीच्या खाली घालून चादर ताणून खोचली, म्हणजे तो गादीचाच भाग होतो. त्यावर कोपरे टेकले की दोन फायदे होतात. झोपेत कूस बदलायला शरीर निघाले की लोडाला लागून परत येते, आणि हातांचा भार खांद्यांवरून उतरतो, त्यामुळे छातीची त्वचा ताणली जात नाही. दोन्ही लोडांचे मिळून नऊशे रुपये झाले. साडेचार हजारांच्या उपकरणापेक्षा माझी झोप या नऊशे रुपयांनी अधिक सांभाळली, असे मी कोणत्याही संकोचाशिवाय लिहिते.

ज्यांना एकाच बाजूला घुमट लावायचा आहे त्यांना दुसऱ्या कुशीवर काही वेळ काढता येतो, पण सरळ कुशीवर नव्हे. मी उजव्या कुशीकडे अर्धवट वळून, पाठीमागे एक लोड आणि पोटापुढे दुसरा घेऊन, डावा हात त्या पुढच्या लोडावर टाकून झोपत असे. पूर्ण कुशीवर वळले की घुमट स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि वरची कड सुटते; शिवाय झोपेत डावा हात त्याच्यावर येऊन पडतो. हा अर्धवट वळण्याचा प्रकार मला साधारण आठव्या रात्री जमला आणि त्या रात्री मी प्रथमच सलग पाच तास झोपले. उताणे झोपण्याची आणखी एक किंमत आहे, ती म्हणजे घोरणे. मी घोरते हे मला लग्नानंतर अठरा वर्षांनी कळले. ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे त्यांनी उताणे झोपायची सक्ती स्वतःवर करू नये, हे मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही.

कपड्यांविषयी. नेहमीची ब्रा घुमटावर चढतच नाही आणि ओढून चढवली तर कड एका बाजूने दाबते. तुळशीबागेतून मी एक साइज मोठ्या, ताणल्या जाणाऱ्या सुती स्लिप घेतल्या आणि शिंप्याकडून डाव्या बाजूला एक काज करून घेतले. ‘ताई, हे काज कशाला?’ असे त्याने विचारले आणि मी यंत्राची नळी म्हणून मोकळी झाले. त्याने पुढे विचारले नाही. काजातून नळी बाहेर आली की ती गळ्याभोवती किंवा काखेत गुरफटत नाही. वरून समोर बटणे असलेला गाऊन, आणि पांघरायला हलकी दुलई. डिसेंबरात पुण्याचा पारा पहाटे दहा-बाराच्या आसपास उतरतो तेव्हा गोधडीचा मोह होतो, पण गोधडीचे वजन घुमटावर पडते आणि कड एका बाजूने रुतते. त्यापेक्षा खांद्यांवर शाल, पायांत मोजे आणि छातीवर दुलईच बरी. थंडीचे दिवस निवडण्याचे मुख्य कारण घाम नसणे हे होते आणि तो निर्णय पूर्णपणे योग्य ठरला. उपकरणात काही दोष नसतानाही पुण्यातल्या मेमध्ये किंवा दमट आषाढात हा प्रयोग मी कोणालाच सुचवणार नाही.

त्वचेसाठी मी फारसे काही केले नाही, पण जे केले ते एकही दिवस चुकवले नाही. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने आंघोळ, अंग पूर्ण कोरडे, आणि छातीवर तेल, पावडर, क्रीम यांपैकी काहीही नाही, कारण तेलाने कड घसरते आणि पावडरीने हवा शिरते. घुमट रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवलेला. सकाळी काढताना घुमट ओढायचा नाही. आधी चिमटा उघडायचा, मग बोटाचे टोक कडेखाली सारून थोडी हवा आत जाऊ द्यायची. घाईत मी एकदा तो तसाच ओढला होता आणि त्वचेला बसलेला झटका दुपारपर्यंत जाणवला होता. काढल्यानंतर राहिलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या रात्री सुटी. दहा आठवड्यांत एकूण सहा सुट्या झाल्या, त्यांतल्या दोन सर्दी-खोकल्याच्या. फोड एकही आला नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळे केले त्या मापाचे. सकाळी घुमट काढल्याबरोबर आरशात पाहणे ही स्वतःची फसवणूक आहे. त्या वेळी दिसते ती बरीचशी सूज असते आणि दुपारपर्यंत तिच्यातली पुष्कळ ओसरते. मी माप संध्याकाळी, पुन्हा लावण्यापूर्वी, आणि महिन्याच्या चक्रातल्या एकाच सुमारास घेत असे, कारण पाळीच्या आधी स्तन तसेही जड होतात. परातीत काठोकाठ भरलेला वाडगा ठेवून त्यात वाकायचे आणि सांडलेले पाणी मोजपात्राने मोजायचे, ही पद्धत हास्यास्पद दिसते, परंतु टेपपेक्षा बरी आहे. तीन वेळा मोजून सरासरी काढली तरी दहा-पंधरा मिलिलिटरची चूक राहतेच. सुरुवातीला डावी बाजू 265 मिलिलिटर आणि उजवी 340 होती. दहा आठवड्यांनी, जानेवारीच्या शेवटी, डावी 325 भरली. बंद केल्यावर आठवड्याभरात ती 300 वर आली आणि मार्चच्या मध्यावर 295 होती. म्हणजे पंचाहत्तरचा फरक पंचेचाळीसवर आला. आकड्यांत ही वाढ अकरा-बारा टक्क्यांची आहे, चाचणीतल्या सरासरीच्या जवळपासही जाणारी नाही, आणि मोजणीतली चूक वजा केली तर आणखी कमी असू शकेल. ब्लाउजचे कप आता दोन्हीकडे सारखे शिवता येतात. डावीकडे एक पातळ पॅड घालावे लागते, पूर्वी दोन लागत.

पहिले उपकरण कोणीही घेऊ नये, असे मी स्पष्ट लिहिते. दाबाचा आकडा न दाखवणारे आणि अरुंद कडेचे कोणतेही यंत्र घेऊ नये. दुसऱ्याला मी पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा गुण कापला तो घुमटाच्या आत साचणाऱ्या बाष्पासाठी, ज्याला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही, आणि एक गुण त्याबरोबर आलेल्या पुस्तिकेसाठी. तीत घुमट कसा लावायचा याची आठ चित्रे आहेत, सगळ्या चित्रांतली बाई उभी आहे, आणि रात्री तिने कसे झोपावे याविषयी एक ओळही नाही. ज्या स्त्रीला दोन्ही बाजूंना घुमट लावायचे आहेत, जिची झोप मुळात सावध आहे किंवा जिच्या कुशीत रात्री लहान मूल येऊन झोपते, तिने पैसे देण्यापूर्वी निदान चार रात्री नुसते लोड लावून, तीस अंशांवर, उताणे पडून झोप लागते का हे पाहावे. त्या चार रात्रींना लोडांपलीकडे काही खर्च येत नाही.

माझा घुमट सध्या धुऊन, सुती पिशवीत घालून माळ्यावर ठेवला आहे. पावसाळा संपेपर्यंत तो तिथेच राहील. कार्तिकात पुन्हा परातीत पाणी भरून मोजेन आणि डावी बाजू 290 च्या वर टिकलेली असेल तरच आणखी दहा आठवड्यांचा विचार करेन. लोड मात्र पलंगावरच आहेत, कारण यजमान दिवाणखान्यातून परत आले आणि एक लोड त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला.